नाशिक परिसरातील पक्षी-ओळख : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२४

पावसाळा ओसरू लागल्यापासून ऊन तापेपर्यंत तीन ठिकाणचे पक्षी पाहायचे, असे या प्रकल्पाचे स्वरूप ठरवले आहे : गंगापूर रोडलगतची आमची वसाहत, पांडवलेण्यांच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान आणि निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या नावापुढे ते नाव कशावरून ठरवले हे लिहायचे, आणि ज्याचे कारण लिहिता येत नाही त्याचे नाव यादीत घ्यायचे नाही, हा यातला एकमेव नियम आहे. यादी किती लांबते याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही; पन्नास पक्षी खात्रीने ओळखता आले तर हंगाम सत्कारणी लागला असे मी मानेन.

पक्षी नजरेसमोर असेपर्यंत पुस्तक किंवा मोबाइल उघडायचा नाही, हेही ठरवले आहे. छापील चित्र एकदा पाहिले की डोळे तेच शोधू लागतात, आणि प्रत्यक्षात न दिसलेली पांढरी भुवईसुद्धा दिसली होती असे मन सांगू लागते. म्हणून आधी वर्णन आणि मग नाव. वर्णनाची सुरुवात आकारापासून करायची, परंतु सेंटिमीटरमध्ये नव्हे, कारण दूरच्या फांदीवरची लांबी कोणालाच अंदाजाने सांगता येत नाही. डॉ. सालिम अली यांनी आपल्या वर्णनांत चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशा सर्वांच्या ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून आकार सांगितला, आणि नवशिक्यासाठी याहून सोपे माप मला सापडलेले नाही. मात्र त्यासाठी हे पाच पक्षी आधी नीट पाठ असायला हवेत, म्हणून पहिले दोन आठवडे केवळ त्यांनाच पाहण्यासाठी राखून ठेवले आहेत.

दुर्बीण ८×४२ची घेतली आहे. आठ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दहा पटींची दुर्बीण अधिक उपयोगी असेल असे सहज वाटते. पण पट वाढली की दिसणारे क्षेत्र सहसा अरुंद होते आणि हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो, त्यामुळे पानांआड सतत हलणारा लहान पक्षी पकडायला आठ पटच बरी.

१५ सप्टेंबर २०२४

दुर्बीण वापरण्याच्या सरावाबद्दल आधी लिहिते. डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने प्रतिमा स्पष्ट करायची, मग डावे भिंग झाकून उजव्या डोळ्याचे कडे फिरवून त्या डोळ्यापुरती दुरुस्ती करायची, आणि त्यानंतर ते कडे हलवायचे नाही. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांजवळचे रबरी कप आत दाबून ठेवावेत, म्हणजे पूर्ण चित्र दिसते. पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण वर उचलून डोळ्यांना लावायची असते. दुर्बीण आधी लावून मग झाडभर पक्षी शोधत बसले, तर तो सापडत नाही.

वसाहतीतल्या शेवग्यावर आणि कुंपणाच्या घाणेरीत जे लहान पक्षी येतात, त्यांतील दोघांना वेगळे करण्यात आजची सकाळ गेली. चिमणीपेक्षा लहान, शेपटी उभी धरणारा, जाळीतून सतत बोलत राहणारा पक्षी म्हणजे शिंपी किंवा वटवट्या, इथपर्यंत लगेच पोचता येते. शिंपी पाठीवर हिरवट असतो, त्याचे कपाळ तांबूस असते आणि चोच अंगाच्या मानाने लांब व किंचित बाकदार दिसते. राखी वटवट्याचे डोके व पाठ राखाडी, पोट फिकट बदामी आणि डोळा लालसर. त्याची शेपटी लांब असून तिच्या टोकाशी गडद-पांढरे ठिपके असतात. तो एका झुडपातून दुसऱ्यात जाताना पंखांचा चट्चट् असा, ठिणगी उडाल्यासारखा आवाज होतो. हा आवाज आज अगदी दोन हातांवरून ऐकायला मिळाला, आणि रंग दिसला नाही तरी राखी वटवट्या ओळखायला तेवढा आवाज पुरेसा आहे, अशी नोंद केली आहे.

शेवग्याच्या फुलांवर आलेल्या शिंजिरांचे, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या लहान पक्ष्यांचे, प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात चकाकत्या निळ्या-जांभळ्या रंगाचा असतो, परंतु वीण संपल्यावर तो ही पिसे टाकतो आणि मादीसारखा पिवळसर होतो. गळ्यापासून पोटापर्यंत उतरलेली एक गडद पट्टी तेवढी त्याच्या अंगावर उरते. सध्या शेवग्यावर येणाऱ्यांत ही पट्टी असलेले किमान दोन नर आहेत. त्यामुळे 'पिवळा म्हणजे मादी' असे वहीत लिहून चालणार नाही.

६ ऑक्टोबर २०२४

नांदूरमध्यमेश्वरची पहिली फेरी झाली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पक्ष्यांना हवी असलेली जागा आपोआप घडली. १९८६मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२०मध्ये ही महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ जागा, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली महत्त्वाची मानलेली जागा, ठरली. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि स्थानिक वाटाडे सोबत येतात. नवशिक्याने वाटाड्याशिवाय येथे जाऊ नये असे माझे मत झाले आहे, कारण पाण्यावर एकाच वेळी इतके पक्षी असतात की कोणाकडे आधी पाहावे हेच कळत नाही.

आज केवळ बगळ्यांवर लक्ष दिले. चारही बगळे पांढरे असल्यामुळे येथे रंगाचा उपयोग नाही आणि चोच-पायांवरच सर्व भिस्त आहे. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. चिखलातून पाय उचलताना पिवळे मोजे घातल्यासारखे दिसतात. गायबगळा आखूड मानेचा, जाड पिवळ्या चोचीचा, आणि पाण्यापेक्षा गुरांमागे व नांगरलेल्या रानात अधिक. खरी अडचण मध्यम आणि मोठ्या बगळ्याची आहे, कारण या काळात दोघांची चोच पिवळी असते आणि एकटा उभा असेल तर उंचीवरून काहीच ठरत नाही. तेथे तोंडाच्या चिरेची रेषा पाहावी लागते : मध्यम बगळ्यात ती डोळ्याखाली संपते, मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. मनोऱ्यावरून दुर्बिणीतून ही रेषा एकाच पक्ष्यात स्पष्ट दिसली. बाकीच्यांची नोंद 'मध्यम किंवा मोठा' अशीच ठेवली आहे.

बगळ्यांच्याच कुळातल्या ढोकरीकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून वेगळी ओळ लिहिते. काठावर बसलेली ढोकरी मातकट रेघांची, गवतात मिसळून जाणारी असते, आणि उडाली की पांढरेशुभ्र पंख उघडतात; बसलेला पक्षी कुठे गेला आणि हा पांढरा कुठून आला, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. बसलेला आणि उडणारा असा दोन्ही रूपांतला पक्षी वहीत टिपायचा नियम येथूनच सुरू केला.

२० ऑक्टोबर २०२४

अभयारण्यालगतच्या खाणगाव थडीजवळ पाणी उतरून चिखल उघडा पडला आहे आणि त्यावर तुतवार, म्हणजे चिखलात चरणारे लहान पाणपक्षी, आले आहेत. पुस्तकात हे पक्षी एकाच पानावर एकासारखे एक दिसतात, म्हणून पुष्कळ लोक ते पान उलटून पुढे जातात. मी मात्र आज सगळा वेळ त्यांनाच दिला, आणि या प्रकल्पातील आतापर्यंतची ही सर्वांत समाधानाची सकाळ म्हणता येईल.

सोबतचे वाटाडे म्हणाले, "ताई, रंग मागनं बघा. आधी त्याचं चालणं बघा, आन् उडंल तेव्हा पाठ बघा." त्यांच्या सांगण्याप्रमाणे वही न उघडता अर्धा तास केवळ पाहत राहिले. पाण्याच्या कडेने एकटा फिरणारा, साळुंकीहून लहान असा एक पक्षी पावलागणिक मागचा भाग खालीवर हलवत होता. छातीच्या बाजूला पंखाच्या पुढे पांढऱ्या रंगाची एक पाचर खांद्यात वर चढलेली होती. तो पाण्यालगत अगदी खालून, पंख ताठ धरून थरथरवत उडाला आणि पंखांवर पांढरी पट्टी दिसली. हा सामान्य तुतवार. ही पांढरी पाचर इतकी खात्रीची खूण आहे की दुसरे काही दिसले नाही तरी चालते.

दुसरा थोडा जाडसर, वरून जवळजवळ काळपट आणि खालून पांढरा होता. शेवाळलेल्या खड्ड्यातून तो अचानक उंच उडाला, तेव्हा पंखांची खालची बाजू काळी आणि कंबर पांढरीशुभ्र दिसली. उडताना त्याने तीन सुरांची खणखणीत शीळ घातली. हा हिरवा तुतवार. तिसरा अंगाने सडपातळ, पायांनी लांब व पिवळसर, पाठीवर ठसठशीत फिकट ठिपके असलेला आणि डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेल्या लांब पांढऱ्या भुवईचा; उडाल्यावर त्याची कंबरही पांढरी दिसली, परंतु पंखांची खालची बाजू फिकट होती. हा ठिपकेवाला तुतवार. दुसऱ्या आणि तिसऱ्यातील फरक बसलेल्या अवस्थेत भुवई व ठिपक्यांवरून आणि उडताना पंखांच्या खालच्या रंगावरून करायचा, असा निष्कर्ष वहीत नोंदवला आहे.

त्याच चिखलातून दोन पाणलावे पायाखालून उठले आणि वाकडेतिकडे उडत गेले. सामान्य पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरी किनार असते, सूच्याग्र शेपटीच्या पाणलाव्याला ती जवळजवळ नसते. ही किनार मला दिसली नाही, तेव्हा 'अनिर्णित' या पानावर पहिली नोंद पाणलाव्याची पडली आहे.

१० नोव्हेंबर २०२४

राज्य शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केलेला आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ला आणि सालिम अली यांची जयंती १२ला येते. त्यानिमित्त मनोऱ्यांवर गर्दी होती, शाळांची मुले होती, आणि त्यामुळे बदके काठापासून बरीच दूर गेली होती.

दूर असणे आज उपयोगाचेच ठरले, कारण अशा अंतरावर रंग पुसले जातात आणि ठेवण तेवढी उरते. शिवाय हिवाळ्याच्या सुरुवातीला स्थलांतरित बदकांचे बरेच नर अजून मादीसारख्या तपकिरी पिसांतच असतात, त्यामुळे पुस्तकातील झळाळत्या नरांची चित्रे या महिन्यात फारशी कामाला येत नाहीत. थापट्या हे बदक चोचीवरून ओळखले : चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला फावड्यासारखी रुंद, आणि पक्षी ती पाण्यात बुडवून गोल गोल फिरत असतो. तलवार बदकाची मान लांब व सडपातळ, शेपटी टोकदार. तपकिरी मादीतही ही लांबट ठेवण लपत नाही. भिवई बदक लहान आहे आणि त्याच्या तपकिरी चेहऱ्यावर गडद-फिकट आडव्या रेघा असतात. याचा नर आपली रुंद पांढरी भुवई इतरांच्या मानाने उशिरा धारण करतो, म्हणून ती पाहण्यासाठी फेब्रुवारीची वाट पाहायची आहे. हळदी-कुंकू बदक मात्र येथलेच रहिवासी, वर्षभर एकाच रूपात राहणारे, काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले. पाणबदकांसाठी तेच माझे माप ठरवले आहे : त्याहून मोठे, तेवढेच की लहान, हा पहिला प्रश्न.

काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी शेकड्यांनी होते. ते बदक नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातले. चोच चपटी नसून टोकदार असते आणि पोहताना मान पुढेमागे हलते.

८ डिसेंबर २०२४

आज नोंद एकच, पण मोठी. वारकऱ्यांचा विखुरलेला थवा एकाएकी गोळा होऊन एकमेकांना चिकटला, तेव्हा वर पाहिले. लव्हाळ्यावरून खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून धरत एक शिकारी पक्षी तरंगत येत होता. अंग गडद चॉकलेटी, डोके मात्र सायीच्या रंगाचे : दलदली भोवत्याची मादी. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि ती पंख सपाट धरून घिरट्या घालते, एवढ्यावरूनच दोघींत फरक करता येतो. शिकारी पक्षी ओळखताना आधी खालच्या पक्ष्यांची वागणूक पाहावी, हे या नोंदीचे सार म्हणून वहीत वर लिहून ठेवले आहे.

२२ डिसेंबर २०२४

नेहरू वनोद्यान. येथे पाण्यासारखी मोकळी नजर मिळत नाही, पक्षी पानांत असतात आणि हिवाळ्यात आलेले वटवटे तर पानांच्याच रंगाचे. त्यामुळे आज कानांवर विसंबून काम केले. झुडपाच्या आतून जिभेने टाळूवर 'चक्… चक्…' करावे तसा कोरडा, एकेरी आवाज येत होता. तो ब्लिथच्या वेळू वटवट्याचा. झाडाच्या शेंड्याकडून दोन सुरांची, दुसऱ्या सुरावर चढणारी बारीक 'ची-स्वी' अशी हाक येत होती. तो हिरवट पर्ण वटवट्या. दोन्ही आवाज एकदा कानात बसले की अंगणातही तेच ऐकू येऊ लागतात, आणि ऑक्टोबरपासून ते आपल्याजवळच होते हे लक्षात येते.

मोबाइलवरचे मर्लिन हे अ‍ॅप आवाज ऐकून नावे सुचवते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ते तयार केले आहे आणि भारतातील पुष्कळ पक्षी त्याला येतात. त्याचा उपयोग मी असा ठरवला आहे की त्याने नाव दाखवले म्हणजे त्या दिशेने पाहायचे. पक्षी दिसला नाही किंवा आवाज मला स्वतःला पटला नाही, तर नोंद नाही. कोतवाल पक्षी तर शिक्रा या शिकारी पक्ष्याचासुद्धा आवाज हुबेहूब काढतो, अशा वेळी अ‍ॅपने शिक्रा म्हटले तरी फांदीवर कोण बसले आहे हे पाहावेच लागते. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची पद्धत मात्र या प्रकल्पात पूर्णपणे वर्ज्य आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो पक्षी खाणे सोडून त्याला हुसकावायला धावतो, आणि आपल्या एका फोटोसाठी त्याला हा त्रास देण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

१४ ते १७ या चार दिवसांत जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट चालू आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटे थांबून दिसलेल्या सर्व पक्ष्यांची संख्येसह यादी ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर भरायची असते. 'सर्व' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण कावळे, पारवे, साळुंक्या गाळून केवळ दुर्मीळ पक्षी लिहिले तर पुढे कोणाला त्या यादीवरून पक्षी वाढले की घटले हे सांगता येणार नाही.

वसाहतीत मोजणी सोपी होती. नांदूरमध्यमेश्वरला बदकांसाठी थव्याचा एक तुकडा घेऊन दहा पक्षी मोजले, ते नजरेत किती जागा व्यापतात हे ठरवले, आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत गेले. उडत्या थव्यात पुढचे टोक विरळ आणि मधला भाग दाट असतो, त्यामुळे मधला तुकडा वेगळा मोजावा लागतो. भिवई बदकाचा नर आज रुंद पांढऱ्या भुवईसह दिसला आणि नोव्हेंबरपासून उघडे ठेवलेले ते पान पूर्ण झाले.

१६ मार्च २०२५

पांगाऱ्याच्या लाल फुलांवर भोरड्यांचे थवे उतरत आहेत. डोके व पंख काळे, पाठ व पोट गुलाबी. मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी त्या अशा फुलांवर आणि फळांवर तुटून पडतात. पाण्यावरची बदके निम्म्याहून कमी झाली आहेत.

वनोद्यानात आज एका उघड्या फांदीवर राखाडी पाठीचा, छातीवर आडव्या पट्ट्यांचा पक्षी बसला आणि सातभाईंनी एकच कलकलाट केला. शिक्रा आणि पावशा या दोघांचीही रंगसंगती अशीच असते. चोच पाहिली : शिक्र्याची आखूड, जाड आणि टोकाशी आकड्यासारखी वळलेली असते, ही मात्र बारीक व किंचित बाकदार होती. डोळ्याभोवती पिवळे कडे होते, पाय बारीक होते, पंजांत शिकाऱ्याचा जोर नव्हता. हा पावशा. सातभाईंचा कलकलाट मात्र दोन्ही अर्थांनी योग्यच होता, कारण शिक्रा त्यांची पिले खातो आणि पावशाची मादी त्यांच्याच घरट्यात अंडी घालते. हिवाळाभर हा पक्षी गप्प असतो, म्हणून तो येथे नाहीच असे वाटते; आता उन्हाबरोबर त्याची चढत जाणारी हाक सुरू होईल.

२० एप्रिल २०२५

मनोऱ्याखाली ढोकरी विणीच्या रूपात दिसली. मातकट रेघा जाऊन मान व डोके फिकट पिवळसर, पाठीवर गडद किरमिजी पिसांची झालर आणि डोक्यामागे लांब पांढरी पिसे. गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर व पाठीवर नारिंगी रंग चढला आहे. ऑक्टोबरच्या वर्णनाशेजारीच ही वर्णने लिहिली आहेत, म्हणजे दोन्ही रूपे एकाच पानावर राहतील.

यादी पन्नासच्या पुढे गेली आहे. 'अनिर्णित' पानावर पाणलावे, दोन पर्ण वटवटे, उंचावरून गेलेला एक गरुड आणि काही बगळे आहेत. त्यांना नावे देण्याची घाई नाही, वर्णने पुरेशी सविस्तर आहेत. उंबराची फळे पिकली की त्यावर येणारे पक्षी, जूनमध्ये पहिल्या पावसानंतर राखी वटवट्याचे विणीचे रूप, आणि वनोद्यानातील सातभाईंच्या कोणत्या थव्यात पावशाचे पिलू वाढते आहे, या तीन गोष्टींसाठी वहीत पुढची पाने आखून ठेवली आहेत. घरटे दिसल्यास त्याच्या जवळ जायचे नाही आणि त्याची जागा कोणालाही कळवायची नाही, हे त्या पानांच्या माथ्यावर लिहिले आहे.